आमेन होईपर्यंत

पाळकसाहेबांनी जेवणाआधीची प्रार्थना मोठी आटोपशीर केली. अन्नाबद्दल आभार मानले, ते शिजवणाऱ्या हातांबद्दल मानले, आमेन म्हटले आणि चमचा उचलला. थोरल्याने हे सारे मिटल्या डोळ्यांनी ऐकले. चमचा सूपच्या वाटीला लागल्याचा आवाज आला, आणि मग तोच चमचा चोरपावलांनी टेबलावर परत गेला. घरच्यांपैकी एकानेही आमेन म्हटलेले नाही आणि डोळेही उघडलेले नाहीत, हे पाहुण्याच्या लक्षात आले असावे.

थोरल्याला त्यांची दया आली. त्यांना आधी सांगून ठेवायला हवे होते. पण ‘साहेब, आमच्याकडे भांडणे प्रार्थनेत करतात’ हे काही पाहुण्याला दारातच सांगण्यासारखे वाक्य नव्हे.

ही पद्धत थोरल्याच्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या आईने घातली. अप्पा आणि त्यांचे भाऊ तरुणपणी जेवताना भांडत, आणि मुद्दे संपले की ताटे फेकत. म्हातारीने एक दिवस निकाल दिला. या टेबलाशी कोणी कोणाशी वाद घालायचा नाही. पोटात जे असेल ते प्रभूला सांगा, सगळ्यांदेखत सांगा, पण डोळे मिटून सांगा, म्हणजे नेम धरता येणार नाही. एक जण प्रार्थना करत असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचे नाही. पटले तर आमेन म्हणायचे, न पटले तर गप्प बसायचे. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने शेवटचे आमेन म्हटले की विषय संपला. मग त्याबद्दल जेवण संपेपर्यंत अवाक्षर काढायचे नाही.

म्हातारी देवाघरी गेली, ताटे फेकणारेही बहुतेक गेले, पद्धत राहिली. लेकी बोले सुने लागे ही जुनी कला या घरात देवामार्फत चालत आली होती. देव किती सोशिक आहे, हे कळायला या कुटुंबाला प्रवचनाची गरज नव्हती.

आजचा विषय थोरला स्वतः होता.

घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचा कवळ्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, प्लास्टरच्या गोणी, मेण वितळवायचा दिवा, पॉलिशचे चाक, आणि भिंतभर फडताळांत ओळीने मांडलेले निम्म्या गावाच्या जबड्यांचे साचे. दारावर अप्पांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: ‘चणे तुमचे, दात आमचे’. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. या घराने तीन पिढ्यांची पोटे भरून दाखवली होती. अप्पांनी हात थरथरू लागल्यावर काम सोडले, तेव्हापासून थोरला आणि त्याची बायको ते पाहत होती. तो साचे काढी, कवळी शिजवी, घासूनपुसून गुळगुळीत करी. ती मेणात दात बसवी.

सगळे सुरळीत चालले होते. मग गेल्या महिन्यात चर्चमध्ये बाहेरगावचे एक मोठ्या आवाजाचे उपदेशक आले. तुमच्या जगण्याचा हेतू काय, असे त्यांनी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत बोट फिरवत विचारले. शेवटच्या दिवशी प्रभूच्या हातावर काय ठेवाल? थोरला प्रामाणिक माणूस. त्याच्या मनात आले, खालची कवळी. पाठोपाठ प्रभूच्या तळहातावर कवळी ठेवल्याचे दृश्य डोळ्यांपुढे उभे राहिले आणि भर उपासनेत त्याला घाम फुटला.

नेमके त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी त्याला गाठले. परगावी मिशनचा वृद्धाश्रम होता आणि त्याला प्रमुख हवा होता. सकाळची उपासना घ्यायची, म्हाताऱ्यांची विचारपूस करायची, कामावर देखरेख ठेवायची. राहायला तिथेच दोन खोल्या. थोरला म्हणाला, प्रार्थना करून सांगतो.

ज्याचे आयुष्य मंडळीत गेले आहे त्याला ठाऊक असते, की हे नकाराचे सभ्य रूप आहे. पण पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच शिकून बाहेर पडले होते, आणि प्रार्थना म्हणजे प्रार्थनाच, असे त्यांना शिकवण्यात आले होते. त्यांनी कमिटीला होकार कळवून टाकला. आज, रविवारी, संध्याकाळच्या उपासनेत नाव जाहीर व्हायचे होते.

गंमत अशी की एव्हाना थोरल्याला तो होकार आवडू लागला होता. पॉलिशचे चाक चालू करून, त्याच्या घरघरीच्या आडोशाला, त्याने उपदेश करून पाहिला होता. बरा झाला होता. तो गेला की बायकोने जायचे हे ओघानेच आले, कारखान्याला कुलूप लागायचे हेही ओघानेच आले, आणि अप्पांना पाटी उतरवताना बघावे लागणार होते. या सगळ्यावर तो ‘प्रभूची इच्छा’ असे म्हणत असे. प्रभूला अजून कोणी विचारले नव्हते. ते आज व्हायचे होते.

पहिली प्रार्थना धाकट्या भावाने केली. धाकट्याची ड्रायव्हिंग स्कूल होती. शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून त्याचा दिवस जाई, त्यामुळे प्रार्थनेची सवय घरात त्यालाच सर्वांत जास्त. बायको मुलांना घेऊन माहेरी गेल्याने आज तो एकटाच आला होता, आणि एकटा असला की तो अधिक धीट होत असे. त्याने आरंभी देवाला देवाच्या दयेची आठवण करून दिली. मग दादा किती गुणी आहे, हे सांगितले. मग अप्पांच्या वयाकडे देवाचे लक्ष वेधले, ताईही आता काही तरुण राहिलेली नाही हे नम्रपणे निदर्शनास आणले, आणि आपण स्वतः गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो, मध्ये तीन सिग्नल आहेत, हेही देवाच्या कानावर घातले.

“आणि दादाला उपदेश करता येतो का, हे तू आधी एकदा ऐकून घे, प्रभू,” तो शेवटी म्हणाला. “एवढीच विनंती आहे.”

“आमेन,” डावीकडून थोरल्याची बायको म्हणाली. जरा जास्तच चटकन म्हणाली.

मग ताईने घसा साफ केला. ताई म्हणजे या दोघांची मोठी बहीण. लग्न केले नाही, सरकारी इस्पितळात नर्स म्हणून आयुष्य काढले, आणि निवृत्त झाल्यापासून हे घर वॉर्डासारखे चालवले. सहाला दिवे लागत, आठला न्याहारी फिरे, अप्पांच्या गोळ्या वेळेवर घशाखाली उतरत. भावजयीचे आणि तिचे भांडण कधी झाले नव्हते. दोघी प्रार्थना करत.

ताई पहिल्यापासून थोरल्याने जावे या बाजूची होती. इतकी, की त्याला कधीकधी शंका येई, आपण घरात फार पसारा तर करत नाही ना? आजही तिने आडवळण घेतले नाही.

“प्रभू, हाक आलेल्या माणसाने उठावं,” ती म्हणाली. “या घरात हाक आली की माणसं आधी बूट शोधायला लागतात. आणि जे लोक दिवसभर दुसऱ्यांना सिग्नल शिकवतात, त्यांना तुझा हिरवा दिवा दिसू दे.”

अप्पा म्हणाले, “हं.” अप्पांचे हं म्हणजे अर्धे आमेन. ते कोणत्या अर्ध्याला होते, हे मात्र कळत नसे.

धाकट्याला दिवा दिसला असावा, कारण त्याने लगेच पुन्हा प्रार्थना सुरू केली आणि या वेळी तिचे तोंड उलट दिशेला होते. त्याने आधीचे सगळे मागे घेतले. देवाच्या कामाला आडकाठी करणारे आपण कोण, असे देवालाच विचारले. दादाने अवश्य जावे. राहता राहिल्या खालच्या दोन खोल्या, तर त्या ओस पडू नयेत. तिथे फळा लावला, बाके टाकली, तर शिकाऊ लोकांना वाहतुकीच्या खुणा शिकवायला ती जागा उत्तम होईल, आणि असे मन आपल्याला या घटकेला प्रभूनेच दिले असावे, अशी शंका त्याने व्यक्त केली.

थोरल्याची बायको खोकली. खोकला नियमात बसत होता.

एव्हाना पाळकसाहेबांना घरची रीत उमगली असावी. त्यांच्या खुर्चीची करकर थांबली होती. सूप मात्र निवत चालले होते. त्याचा वास आधी नाकात शिरून बसला होता, तो आता हळूहळू निघून जाताना थोरल्याला जाणवत होता.

“प्रभू,” त्याची बायको म्हणाली आणि थांबली. ती एरवी मोठी प्रार्थना करत नसे. तिचे बहुतेक काम आमेन आणि खोकला यांवर भागे. “मला हेतू वगैरे कळत नाही. मी दात बसवते. बसवायच्या आधी त्या माणसाचा जुना फोटो मागून घेते. पुढचा एखादा दात वाकडा असेल, तर नवाही तसाच वाकडा बसवते. नाहीतर लोकांना आरशात परकंच कोणीतरी दिसतं. घरी जातात आणि कवळी वाटीत काढून ठेवतात. हे काम तू मला दिलंस असं मी आजवर धरून चालले. चुकत असेन तर सांग.” ती पुन्हा थांबली. “पण यांना बोलावलं असशील, तर मलाही बोलाव. वेगळं बोलाव. यांच्याबरोबर मी जाईन, पण ट्रंकेसारखी जाणार नाही.”

“आमेन,” पाळकसाहेब म्हणाले. सवयीने तोंडातून निघून गेले असावे, कारण पाठोपाठ त्यांनी जीभ चावल्यासारखा बारीक आवाज काढला.

आता पाळी थोरल्याची होती.

त्याने प्रार्थना तयार करून आणली होती. ती बरीच चांगली होती. तिच्यात बायबलमधले शेत होते, नांगर होता, नांगराला हात घातल्यावर मागे वळून न पाहणे होते. त्याने सुरुवात केली, आणि पहिल्याच वाक्याला त्याच्या लक्षात आले की आपण त्या बाहेरगावच्या उपदेशकाच्या आवाजात बोलतो आहोत. तसाच ‘प्रभू’वर जोर, तसाच वाक्याच्या शेवटी हेलकावा. पॉलिशच्या चाकाआड हे कळले नव्हते. इथे खोली गप्प होती, शेजारी बायको होती, समोर ताई होती, आणि मिटल्या डोळ्यांपुढे दुसरे बघण्यासारखे काही नव्हते. दुसऱ्या वाक्याला त्याला नांगर सापडेना.

कोणी घाई केली नाही. नियमात घाई नव्हती.

“प्रभू, मी चर्चमध्ये तुझ्याकडे बघतच नाही,” तो शेवटी स्वतःच्या आवाजात म्हणाला. “मी लोकांच्या तोंडाकडे बघतो.”

धाकटा हसू दाबत असावा, असा एक श्वास पलीकडून आला.

“गाणं चालू असतं, आणि मागच्या एखाद्या बाकावरून शिट्टी येते. वरची कवळी सैल झाल्याशिवाय तशी शिट्टी येत नाही. कवळी सैल झाली म्हणजे माणूस वाळलाय. का वाळलाय, म्हणून उपासना सुटली की मी त्याच्याबरोबर घरी जातो. मग कळतं, बायको अंथरुणाला खिळलीय आणि हा नुसता चहावर राहतोय. मग तिथंच बसणं होतं. कधी दुकानातून काही आणून द्यायचं असतं, कधी डॉक्टरला सांगायचं असतं. कवळीचं राहूनच जातं. आणि सोमवारी हिनं विचारलं, काल वचन काय होतं, तर मला आठवत नाही. असं दर रविवारी होतं. मला वाटलं, तिकडे गेलो तर निदान नीट तुझ्याकडे बघेन.”

तो थांबला. प्रार्थना इथे संपवता आली असती. शेवट वाईट नव्हता. पण डोळे मिटलेले असले की माणसाला थांबायची जागा चटकन दिसत नाही.

“पण खरं तेही नाही,” तो म्हणाला. “मला जायचं नाही, प्रभू. मला खालीच बरं वाटतं. मला कोणीतरी बोलवावं, एवढंच हवं होतं.”

अशा वाक्याला आमेन म्हणायचे की नाही, हे अप्पांच्या आईने सांगून ठेवले नव्हते. टेबलाखाली बायकोचा पाय आला आणि त्याच्या पायावर येऊन राहिला. तेवढ्या वजनाने त्याला इतके हलके वाटले, की आता जेवण मिळाले तर किती बरे होईल, असा विचार त्याच्या मनात आला. संध्याकाळी सगळ्या मंडळीसमोर पाळकसाहेबांची फजिती होणार होती, त्याला स्वतःलाही मान खाली घालून बसावे लागणार होते, तरी त्याला भूक लागली होती.

“मलाही,” ताई म्हणाली.

इतका बारीक आवाज ताईचा असू शकतो हे कोणाला ठाऊक नव्हते. क्षणभर थोरल्याला वाटले, पाळकसाहेबच बोलले.

“मलाही, प्रभू,” ती पुन्हा म्हणाली. “मलाही कोणी बोलावलं नाही.”

मग ती बोलत गेली. वॉर्डाची बाई निरोप सांगावा तसे ती सांगत होती, एकेक गोष्ट नेटकी, पण प्रत्येक गोष्टीआधी थांबून श्वास घेत होती. आपण याला ढकलत होतो, ती म्हणाली, वृद्धाश्रमाची ती जागा रिकामी राहू नये म्हणून. तिथे माणसे पडून आहेत. त्यांना कुशीवर वळवायला हवे, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यांच्या पायांची नखे कापायला हवीत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी समोर उभे राहून बोलायला हवे. हे काम आपल्याला येते, पण विचारले भावाला. आणि आपणही कोणाला सांगितले नाही, कारण आपण गेलो तर या घराचे कसे होणार, हे या घराला कधी विचारावेच लागले नाही.

“इथलंही तुझंच काम आहे,” ती म्हणाली. “नाही म्हणत नाही मी. अप्पांच्या गोळ्या, यांचं खाणंपिणं, सगळं मी तुझं म्हणूनच केलं. पण ही माणसं धडधाकट आहेत, प्रभू. मला आजारी माणसं दे.”



“आमेन,” थोरल्याची बायको म्हणाली.

नणंदेच्या प्रार्थनेला भावजयीने आमेन म्हटल्याची या घराच्या इतिहासात नोंद नव्हती. धाकट्याने ते ऐकून आपलेही घाईने जोडले. खालच्या खोल्या हातच्या गेल्या, हे त्याच्या ध्यानात आले नसावे, किंवा आले असले तरी तो तेवढा वाईट माणूस नव्हता. थोरल्याला आमेन म्हणायचे होते, पण तो तोंड उघडेपर्यंत पाळकसाहेब प्रार्थना करू लागले होते.

त्यांची प्रार्थना या घराला शोभेल अशी होती. म्हणजे तिच्यात प्रभूला कमी आणि खोलीला जास्त सांगितलेले होते. कमिटीला आपण बंधूंचे नाव कळवून बसलो आहोत, हे त्यांनी पापासारखे कबूल केले. त्या जागेवर पुरुषच हवा असे कोणी कुठे म्हटलेले नाही, तरी कमिटीने तसे धरले होते, आणि कमिटीला दोष का द्या, आपणही धरलेच होते.

“फक्त एक शंका आहे, प्रभू,” ते म्हणाले. “सकाळची उपासना कोण घेणार, असं कमिटी विचारेल. मी काय सांगू?”

“प्रभू, त्यांना सांग,” ताई म्हणाली. तिचा आवाज मूळ जागेवर आला होता. “मी आयुष्यभर मरणाऱ्या माणसांच्या उशाशी प्रार्थना केल्या आहेत. सकाळी उठून बसलेल्यांसाठी जमून जाईल.”

“आमेन,” पाळकसाहेब म्हणाले, आणि हे सवयीने म्हटलेले नव्हते.

आता फक्त अप्पा राहिले. अप्पा बोलेनात. सगळे थांबले. यात एक जुनी भीती होती. धाकट्याच्या लग्नाच्या वेळी असेच सगळे डोळे मिटून शेवटच्या आमेनची वाट पाहत बसले होते, आणि अप्पा शांत झोपी गेले होते. कोणी डोळे उघडायचे, यावर त्या दिवशी मोठा धार्मिक पेच पडला होता.

पण अप्पा जागे होते. त्यांची काठी टेबलाच्या पायाशी जरा सरकली.

“प्रभू,” अप्पा म्हणाले, “हिच्याशिवाय मला करमायचं नाही. तुला हे ठाऊक आहे. तिला ठाऊक नसेल, म्हणून मोठ्यानं सांगतोय.”

थोरल्याला वाटले, संपले. ताईचा बेत इथेच बुडाला.

“ती मागतेय ते तिला दे,” अप्पा म्हणाले. “आणि मला सोसायला दे. आमेन.”

“आमेन,” सगळे म्हणाले, आणि डोळे उघडले.

डोळे उघडल्यावर जे होते तेच झाले. कोणी कोणाकडे पाहीना. सूपवर साय धरली होती. भाजलेल्या कोंबडीची चरबी ताटलीत पांढरी पडली होती. ताईचा चेहरा लाल झाला होता, आणि ती वाढायचा मोठा चमचा हातात घेऊन बटाट्यांकडे अशी पाहत होती, जणू ते बटाटे कोणी आणून ठेवले, हे तिला ठाऊक नव्हते. पाळकसाहेबांनी तिच्याकडे पाहून काहीतरी बोलायला तोंड उघडले. धाकट्याने नुसते भुवयांनी त्यांना थांबवले. शेवटचे आमेन झाले होते. आता विषय निघत नसतो.

पण थोरल्याला ते आमेन पुरले नव्हते. ताईच्या प्रार्थनेला त्याचे स्वतःचे म्हणायचेच राहून गेले होते. शिवाय त्याला वाटले, इतकी मोठी गोष्ट हिने मागितली, आणि ती मिळाली की नाही हे हिला माणसांच्या तोंडून कळू नये, हे काही बरोबर नाही. त्याने ताईकडे पाहिले. उघड्या डोळ्यांनी तिच्याशी महत्त्वाचे असे तो कधी काही बोलला नव्हता, त्यामुळे सुरुवात कुठून करायची हे त्याला कळेना.

“ताई,” तो म्हणाला, “तू जा.”

नियम मोडला होता.

ताईने त्याच्याकडे पाहिले. “तुला चालेल?”

“नाही चालायचं,” तो म्हणाला. “जा.”

ताईने मान हलवली. मग चमचा बटाट्यांत खुपसला आणि त्याच्या ताटात वाढू लागली. त्याला लागत होते त्यापेक्षा बरेच जास्त वाढून झाले, तरी तिचा हात थांबेना. शेवटी बायकोने ताट हळूच तिच्या हाताखालून काढून घेतले.

“अप्पांच्या गोळ्या,” ताई एकदम म्हणाली. “सकाळची पांढरी उपाशीपोटी, आणि दुपारची जेवणानंतर. ते कोण बघणार?”

“मी बघेन,” बायको म्हणाली.

“तुला कामात भान राहत नाही.”

“तुमच्याइतकी शिस्त नाही राहायची. पण म्हातारा जगेल.”

“मी इथेच बसलोय,” अप्पा म्हणाले.

धाकटा म्हणाला, तो रोज संध्याकाळी येऊन जाईल. वहिनीने विचारले, तीन सिग्नल ओलांडून? धाकटा म्हणाला, वहिनी, ते प्रार्थनेत बोललो होतो, ते तुमच्यासाठी नव्हतं. वहिनी म्हणाली, खालच्या खोल्यांचंही माझ्यासाठी नव्हतं ना, मग बरं, कारण त्या मिळणार नाहीत. हे ती सरळ त्याच्या तोंडावर म्हणाली. धाकटा गांगरला. देवाला मध्ये न घेता कोणी आपल्याला नाही म्हणू शकते, याची त्याला सवय नव्हती. मग तोही सरसावून बसला आणि फळा नाही तर निदान खुर्च्या ठेवायला जागा द्या, म्हणून घासाघीस करू लागला. थोरला मध्ये पडला. ताईने थोरल्याला गप्प केले आणि वृद्धाश्रमात गरम पाण्याची सोय काय आहे, म्हणून पाळकसाहेबांना फैलावर घेतले. त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक नसताना एका माणसाला तिकडे पाठवायला निघालात, असे ताई म्हणाली. पाळकसाहेबांनी थंड सूपचा घोट घेतला आणि ते उत्तम झाल्याचे सांगितले.

हळूहळू सगळ्यांचेच आवाज चढले. ताटे मात्र कोणी उचलली नाहीत. उलट त्यांत वाढून घेणे चालू होते. हातात घास, तोंडात घास, आणि एकमेकांच्या डोळ्यांत पाहून, बोटे दाखवून, एकमेकांचे बोलणे तोडत पाचही जण एकाच वेळी बोलत होते. या खोलीत असा गोंधळ पूर्वी कधी झालाच असेल, तर तो अप्पांच्या तरुणपणी.

अप्पा कोंबडीचा तुकडा चवीने चावत हे सारे पाहत होते. थोरल्याचे त्यांच्याकडे लक्ष गेले. म्हातारा मजेत होता. तुकडा संपवून त्यांनी तोंड पुसले, काठी जमिनीवर एकदा आपटली, आणि सगळे गप्प झाल्यावर म्हणाले,

“जरा हळू भांडा. प्रभूचाही आज सुटीचा वार आहे.”